न बांधलेल्या घरातली खोली

माझ्या धाकट्या जावेच्या घराचा अजून पायासुद्धा खणलेला नाही. तरी ते आतून बघायला आम्ही सगळे निघालो, म्हणजे बघा! आर्किटेक्टच्या ऑफिसात म्हणे डोळ्यांना चष्मा लावला की कॉम्प्युटरमधल्या घरात हिंडता येतं. कशात काय अन् फाटक्यात पाय! मी तसं म्हटल्यावर आमचे हे म्हणाले, "मग तू थांब घरी." घरी थांबते होय! मला कोणी बोलावलं नसतं तरी मी गेले असते.

कारण त्या घरात तळमजल्यावर एक खोली जास्तीची होती. सासूबाईंसाठी. "आईंना आवडली तर ठेवू, नाहीतर ह्यांचं ऑफिस होईल," असं धाकटीनं मधाळ आवाजात सांगितलं होतं. आवडली, तर सासूबाई माझं घर सोडून तिच्याकडे राहायला जाणार. काय ते आजच ठरवायचं होतं, कारण पुढच्या आठवड्यात काम सुरू होणार होतं.

आता तुम्हीच सांगा. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा त्यांना उठवलं कोणी, बसवलं कोणी? मी. औषधं मी, डॉक्टर मी, त्यांचं न्हाणंधुणं मी. धाकटी रविवारी यायची, तासभर गोड बोलायची, नि पुढे आठवडाभर सासूबाईंच्या तोंडी तिचंच कौतुक. आयत्या बिळावर नागोबा! तिच्या घरावर मी जळत होते, नाही कशाला म्हणू? पण त्याहून जास्त जळत होते ती ह्या खोलीवर. सासूबाई गेल्या, तर एवढं सगळं केलं त्याचं माझ्याकडे उरणार काय?

ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर घर दिसलं. बाई गं, काय ते घर! खिडकीतून ऊन थेट ओट्यावर येत होतं. कॉम्प्युटरवाली मुलगी माउस फिरवून सकाळची दुपार करून दाखवत होती. माझ्या स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावावा लागतो.

"धूळ कुठे दिसत नाही ती?" मी विचारलं.

"काकू, धूळही दाखवता येते. पण कोणी मागतच नाही," ती मुलगी म्हणाली. सगळे खो खो हसले, धाकटी सगळ्यात जास्त. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की त्यानंतर मी तोंडच मिटून घेतलं.

पाण्याची टाकी कुठे बसवायची यावरून दोघा भावांची जुंपली आणि ते बाहेरच्या खोलीत जाऊन भांडू लागले. आत आम्ही बायकाच उरलो. मुलीनं सासूबाईंच्या डोळ्यांवर तो चष्मा चढवला. चष्मा कसला, चांगला डबाच होता तो. त्यातून त्यांना फक्त नवं घर दिसणार होतं, आम्ही कोणी नाही. धाकटीनं त्यांचा दंड धरला आणि ऑफिसातल्या त्या मोकळ्या जागेत सासूबाई पाऊल टाकत चालू लागल्या.

"अगंबाई! इथून झाड दिसतंय! आणि न्हाणीघराला उंबराच नाही, किती छान!"

लहान मुलीसारखा आवाज झाला होता त्यांचा. माझ्या घरात असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. आवडू नये, आवडू नये, असं मी मनातल्या मनात घोकत होते.

तेवढ्यात मुलीनं धाकटीला पडद्यापाशी बोलावलं, दार कुठल्या बाजूला उघडायचं ते विचारायला. इकडे सासूबाईंना चष्म्यात भिंतीवरचा आधाराचा दांडा दिसला. तो धरायला त्यांनी हात पुढे केला. दांडा होता कुठे? हात हवेत गेला आणि त्यांचा तोल सुटला. मी धावले आणि त्यांना घट्ट धरलं.

"धरलंस होय गं, धाकटे," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून विचारलं, "मोठी गेली का बाहेर?"

ज्या हातांनी मी त्यांना रोज आंघोळ घालते, ते हात त्यांना ओळखू आले नाहीत. मी गप्प राहिले. त्यांना वाटलं, गेली.

"मला लवकर ने गं इकडे. मोठी वाईट नाही हो. तिनं केलं तेवढं पोटची पोर करणार नाही. पण केलेलं विसरू देत नाही ती. पाणी मागितलं तरी आधी ऐकावं लागतं, मग पाणी मिळतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, ही मी आहे! आत्ता पडता पडता तुम्हाला धरलं ते मी! शब्द अगदी ओठांवर आले, आणि तिथेच अडकले. कारण त्या म्हणत होत्या ते हेच.

धाकटीनं सगळं ऐकलं होतं. सासूबाईंचे हात चष्म्याकडे गेले, तशी ती मांजराच्या पावलानं आली, माझा हात हळूच सोडवून तिथे स्वतःचा ठेवला आणि डोळ्यांनीच मला दाराकडे जायला सांगितलं.

चष्मा निघाला. सासूबाईंना शेजारी धाकटी दिसली आणि त्या हसल्या. मग दारात मी दिसले. हसू लगेच मावळलं.

"मोठे, तू कधी आलीस?"

"आत्ताच. आवडली का खोली?"

"बरी आहे." त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "तू म्हणशील तसं."

मी त्या मुलीला म्हटलं, "ठेवा ती खोली. आईंना आवडली आहे."

सासूबाईंनी सुटकेचा केवढा मोठा श्वास सोडला! त्यांच्या जिवाला लागू नये म्हणून हात बदलायचं धाकटीला सुचलं. मला ते सात जन्मांत सुचलं नसतं. खोटं कशाला बोलू, घराचं राहिलं बाजूला, मला त्याचाच हेवा वाटला.