शालूबाईच्या डोक्यातली वाट

मित्रांनो, मी एक जुनी वाट आहे. पण मला शोधायला चपला घालू नका. मी बेडसे गावच्या शालूबाईच्या डोक्यात आहे. माझ्या एका टोकाला तिच्या लेकीचा चेहरा आहे आणि दुसऱ्या टोकाला त्या लेकीचं नाव, सविता. चेहरा दिसला की नावापर्यंत धावत जायचं, एवढंच माझं काम. हसू नका, हे काम मी पंचेचाळीस वर्षं केलंय!

जन्मले तेव्हा मी अगदी बारीक होते. मेंदूत पेशी असतात आणि त्यांना धाग्यांसारखे हात असतात. सविता पाळण्यात होती. शालूबाई तिला दिवसातून शंभरदा हाक मारायची आणि दर हाकेला त्या पेशी एकमेकींचे हात थोडे घट्ट धरायच्या. अशी मी घडले आणि वापराने रुंद होत गेले. जत्रेच्या गर्दीत सविता पाठमोरी दिसली, तरी मी क्षणात नाव पोचवायची. मला जरा गर्वच झाला होता म्हणा ना! माझ्या खालच्या अंगाला हातांची वाट होती. भात लावायचं, भाकरी थापायची, गाठ मारायची, असली तिची कामं. ती सदा चिखलात आणि कधी बोलायची नाही. मीही तिची कधी चौकशी केली नाही.

मग आमच्याकडे काहीतरी बदलू लागलं. पेशींच्या मधे चिकट गोळे साचले आणि आतल्या धाग्यांचा गुंता झाला. जिथे रोजच्या नव्या आठवणी उतरतात, तिथूनच सुरुवात झाली. शालूबाई जेवायची आणि जेवल्याचं विसरायची. पहिल्यांदा घरात कुणाच्या फारसं ध्यानात आलं नाही, कारण एक वाट अडली की शेजारच्या वाटा दुप्पट धावायच्या. वरच्या भातखाचराची मोरी बुजली की पाणी भलत्याच बांधावरून सांडतं, तशी आमच्यात नुसती धांदल उडाली होती. पण दुसऱ्यांचं ओझं वाहून त्याही वाटा दमल्या. एकेक करून तुटत गेल्या.

मलाही पेंग येऊ लागली. खरं सांगते, ती पेंग फार गोड होती. सविता दारात यायची, तिचा चेहरा माझ्या टोकाशी पोचायचा, मी निघायची आणि कुठे निघाले तेच मधे विसरायची. आजूबाजूला निळी कारवी फुललेली असायची. लहानपणीचा ओढा खळखळायचा. शालूबाईची थोरली बहीण केव्हाच वारली होती, पण ती ओल्या पावलांनी समोरून चालत यायची. मग मी सविताचं नाव सोडून तिलाच घेऊन पोचायची.

"आक्का, कवा आलीस?" शालूबाई लेकीला विचारायची.

सविता तळेगावात राहते, तिथल्या एका कंपनीत काम करते आणि दर रविवारी माहेरी येते. तिने आईला पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी मेंदूची चित्रं पाहिली आणि म्हणाल्या, "हा अल्झायमर आहे. मेंदूतले भाग एकमेकांशी सारखे बोलत असतात. यांच्यात ते बोलणं कमी होत चाललंय. औषधाने थोडी मदत होईल, पण तुटलेलं पुन्हा जोडता येणार नाही."

मी ऐकत होते. तुटलेलं म्हणजे मीच की!

त्यानंतर घरात एक परीक्षाच सुरू झाली. जो येई तो शालूबाईपुढे बसे आणि विचारी, "वळखलंस का? सांग बरं, मी कोन?" प्रेमानेच विचारत सगळे. पण मित्रांनो, दर वेळी माझी नुसती धडपड व्हायची आणि शालूबाई कावरीबावरी होऊन पदराचं टोक चावत बसायची. सविताही विचारायची. एका रविवारी शालूबाई तिला म्हणाली, "बस की बाई. कुनाची गं तू?"

सविता न्हाणीत जाऊन रडली. बाहेर आली आणि वडिलांना, सोपानआबांना, म्हणाली, "आबा, मी परकीच झाले तिला. तिला कळतच नाही, तर येऊन काय उपयोग? आता नाही येत मी."

"फुडच्या रविवारी आवनी हाय," आबा म्हणाले. "मानसं कमी हायत. तेवडी ये, मग तुजं तू बघ."

आवणी म्हणजे भाताची लावणी. त्या रविवारी रोपांच्या मुठी बघताच शालूबाई कुणी न सांगता खाचरात उतरली. सविता उशिरा पोचली आणि मोकळी जागा दिसली तिथे, आईच्या उजव्या बाजूला, उभी राहिली. सगळ्याजणी वाकलेल्या. कुणाचा चेहरा कुणाला दिसेना, त्यामुळे मला काही कामच नव्हतं. मी पेंगत होते.

सविता डावखुरी आहे. ती डाव्या हाताने रोप लावी, आई उजव्या. दोघींचे हात एकमेकांवर आपटले. पुन्हा आपटले.

"ए डावरे!" शालूबाई मान वर न करताच ओरडली. "किती येळा सांगितलं, माज्या डाव्या अंगाला ऱ्हा म्हून! हात लागत्यात!"

सविता वाकलेली तशीच राहिली. त्या घरात डावरी एकच होती. आणि मित्रांनो, मी तर जागची हललेही नव्हते! ती हाक हातांच्या वाटेने वर आली होती, चिखलातून. मला लाज वाटली आणि आनंदही झाला, इतका की सांगता येत नाही.

"आले गं आई," सविता म्हणाली आणि डावीकडे गेली. बांधापर्यंत पोचेतो तिने आणखी तीनदा बोलणी खाल्ली. दर वेळी ती डोळे पुसून हसत होती.

घरी आल्यावर शालूबाईने परत विचारलं, "कुनाची गं तू?"

"मी सविता. तुजी डावरी," ती म्हणाली आणि आईच्या डाव्या बाजूला जाऊन टेकली. शालूबाईने तिच्यापुढे शेंगांनी भरलेलं सूप सरकवलं. दोघी सोलत बसल्या. त्यानंतर सविताचा एकही रविवार चुकलेला नाही.

मी आता फार दिवसांची नाही. माझ्यावर गवत वाढलंय. जाता जाता तुम्हाला एकच मागते. तुमच्या घरी अशी कुणी शालूबाई असेल, तर तिची परीक्षा घेऊ नका. आपलं नाव आपणच सांगा आणि तिच्याबरोबर काहीतरी काम करत बसा. ती कुठल्या वाटेने तुमच्यापर्यंत येईल, ते मलाही ठाऊक नाही.

थांबा हं, दारात कुणीतरी आलंय. चेहरा फार आवडीचा आहे. नाव काही केल्या सापडत नाही. राहू दे, तीच सांगेल.