नव्या कॉम्प्युटरची पूजा

शनिवार उजाडला की सुप्रिया बारामतीच्या संशोधन केंद्रातल्या मागच्या खोलीचं कुलूप काढायची. तिथं तरुण संशोधक जमायचे; कुणी डाळिंबाच्या रोगावर काम करणारं, कुणी शेळ्यांच्या जातींवर. प्रोग्रॅम लिहिताना मात्र सगळ्यांचीच फेफे उडायची. म्हणून तिनं आणि तिची मैत्रीण योगिनी हिनं मिळून हा कोडिंगचा गट काढला होता. नियम एकच. ज्याचं अडलं त्यानं आपली चूक सगळ्यांसमोर पडद्यावर लावायची, आणि कुणी हसायचं नाही.

योगिनीचा नवरा युवराज गेल्या साली मोटरसायकलच्या अपघातात गेला. अंथुर्णे गावातल्या सासरच्या घरात शुभकार्याला तिची सावलीही चालत नसे. या खोलीत मात्र ती नुसती योगिनी होती. त्या एका दिवसावर ती आठवडा काढायची.

त्या शनिवारी गटाला नवा कॉम्प्युटर आला. नारळ, हळदकुंकू, पेढे, सगळा थाट! योगिनी हौसेनं ताट घेऊन पुढं झाली, तसे गटाचे मार्गदर्शक सर्जेराव सर हलक्या आवाजात म्हणाले, "योगिनी, तू राहू दे. सुप्रिया, तू सवाष्ण आहेस, तू ओवाळ."

काय म्हणावं या विद्वत्तेला! खोलीत सगळे विज्ञानाचे पाईक, पण एकाच्या तोंडून ब्र निघाला नाही. सुप्रियाला ते पटलं नाही. पण सरांपुढं बोलायचं कसं? तिनं ताट घेतलं आणि ओवाळलं. योगिनी पेढा न घेताच निघून गेली.

ती पुन्हा आली नाही. फोनही उचलेना. शेवटी सुप्रिया अंथुर्ण्याला गेली. ओट्यावर सासू धोंडाबाई शेंगा फोडत बसली होती.

"मावशी, योगिनीला पाठवा. तिच्यावाचून गट अडलाय."

"आता कशाला? मी हिला बाजूला बसवायची, तवा ही म्हणायची, आत्या, तितं असलं काय न्हाय, शिकल्याली माणसं हायेत. तुमीबी त्येच केलं न्हवं? मंग आमी काय येगळं केलं?"

दारात योगिनी येऊन उभी राहिली. "एकच जागा होती गं माझी. तीही घालवलीत तुम्ही," एवढंच म्हणून ती आत वळली.

पुढच्या शनिवारी सुप्रिया सगळ्यांसमोर उभी राहिली. "आज चूक माझी आहे. आणि सर, तुमचीही. मी अंथुर्ण्याला माफी मागायला निघालेय. कोण येतंय?"

कुणी हसलं नाही. उठलंही नाही कुणी. सुप्रिया एकटीच स्टँडकडं चालू लागली.

वाचकहो, त्या खोलीत तुम्ही असता, तर उठला असता?