बादल्यांची बातमी

शाळेच्या स्वयंपाकघरात मी मुख्य आहे. मुख्य म्हणजे नुसती मोठ्या पातेल्यापाशी उभी राहणारी नव्हे. सामान काय येईल, कोण काय चिरेल आणि कोणाच्या तोंडाला केव्हा कुलूप लागेल, हे सगळं माझ्या शब्दावर चालतं. माझी धाकटी जाऊ माझ्या हाताखाली काम करते. घरी ती मला ताई म्हणते, इथेही ताईच म्हणते, फरक एवढाच की इथे ऐकते. मुख्याध्यापक बदलतात, वर्गातले फळे बदलतात, माझं स्वयंपाकघर बदलत नाही, असं मी ज्याला त्याला सांगायची. त्याला कोणाची तरी दृष्ट लागायची होतीच. ती माझ्याच नातीची लागली.

आमच्या भागातल्या सगळ्या सरकारी शाळा एका मंडळाच्या ताब्यात आहेत, आणि या मंडळाला दर वर्षी नव्या उपक्रमाची हुक्की येते. एका वर्षी पोहण्याचे वर्ग आले, एका वर्षी फिरतं ग्रंथालय. मध्ये एकदा भिंतीवर चढायला शिकवणारा माणूस आला होता, तो स्वतःच पडला. यंदा आलं मुलांचं बातमीपत्र. मुलांनीच बातम्या शोधायच्या, मुलांनीच कॅमेऱ्यापुढे सांगायच्या, कापून-जोडून तयारही मुलांनीच करायच्या, आणि शुक्रवारी सगळ्या शाळांच्या पडद्यांवर, पालकांच्या फोनवर त्या दाखवायच्या. देखरेखीला एक तरुण सर नेमले. आम्ही त्यांना बातम्यांचे सर म्हणतो.

माझी नात सातवीत आहे. मी तिला वकीलबाई म्हणते, कारण झोप म्हटलं की ती का ते विचारते, आणि कारण पटलं नाही तर बापाकडे अपील करते. बातमीपत्रात तिची निवड झाली तेव्हा मी स्वयंपाकघरात सगळ्यांना दोन-दोनदा सांगितलं. भाजीवाल्यालाही सांगितलं. त्या बिचाऱ्याला काही घेणंदेणं नव्हतं, पण मान हलवेपर्यंत मी त्याला सोडलं नाही.

सुरुवातीच्या बातम्या अगदी गोड. ग्रंथालयाला नवे पंखे, पोहण्यात मिळालेली ढाल, पहिलीच्या मुलांनी लावलेली रोपं. मंडळाचे अध्यक्ष खूश, मीही खूश. मग तो शुक्रवार उजाडला. जेवणाच्या हॉलमधल्या पडद्यावर वकीलबाई आली, मीच घातलेल्या दोन वेण्यांसकट, आणि म्हणाली, "नमस्कार. आज आपण बघू या, आपल्या जेवणाचं पुढे काय होतं."

पुढे बादल्या. माझा भात, माझे घेवड्याचे दाणे, अख्खेच्या अख्खे उकडलेले बटाटे. ताटं तिरपी होत होती आणि अन्न खाली पडत होतं. मुलांचे चेहरे नव्हते, नुसते हात. "आपल्या शाळेत शिजलेलं जवळजवळ अर्धं अन्न बादलीत जातं," ती सांगत होती. "मुख्य स्वयंपाकी बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, पोरांना जिभेचे चोचले फार झालेत."

हे मी तिला घरी वेणी घालताना म्हटलं होतं. वेणी घालताना बोललेलं पडद्यावर जातं हे मला काय ठाऊक. जाऊ माझ्याकडे बघत नव्हती. ती इतक्या मन लावून मोकळी थाळी पुसत होती की तेवढ्यावरून मला कळलं, माझी किती शोभा झाली आहे ते.

घरी गेल्या गेल्या मी तिला समोर उभी केली. "मुख्य स्वयंपाकी बाई? मी कोण गं तुझी?"

"बातमीत आजी म्हणायचं नसतं."

"आणि बातमीत आजीची लाज काढायची असते?"

"आजी, त्यात खोटं काय होतं ते सांग."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि मी ताटं आदळत वाढायला घेतलं. माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, मध्ये पडायचा शहाणपणा न करता खाली मान घालून जेवत राहिला. न विचारता त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. त्या दिवशी आमच्या घरात ताटात शीत ठेवायची कोणाची छाती नव्हती. मी रागाने धुमसत होते, तरी एक गोष्ट मनातून जाईना. एवढं सगळं बोलली पोरगी, आणि एकदाही अडखळली नाही. कोणाला दाखवणार हे कौतुक? ज्याला त्याला सांगून बसले होते, आता तोच मला बादल्यांचं विचारत होता.

ते एवढ्यावर थांबतं तर मी पचवलं असतं. पण पालकांनी मंडळाला फोन करकरून भंडावलं. पुढच्याच आठवड्यात अध्यक्ष स्वयंपाकघराच्या दारात आले, पातेल्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "बाई, एवढी नासाडी मंडळाला परवडणार नाही. एका कंपनीचे बंद डबे आहेत. प्रत्येकाला एक डबा, काही सांडणं नाही, काही उरणं नाही." स्वयंपाकघर बंद करायचं की नाही, ते मंडळाच्या खुल्या बैठकीत ठरणार होतं. आम्हा बायकांचं पुढे काय, यावर चकार शब्द नाही. जाऊचा नवरा, माझा दीर, कामावर पडल्यापासून घरी बसून आहे. तिचं घर या चुलीवर चालतं. त्या दिवशी तिने कांदा नसतानाही डोळे पुसले.

मग मी कंबर कसली. मीठ कमी करून बघितलं, वाढवून बघितलं. गाजरांच्या चांदण्या कापल्या. बटाट्याला वर्षानुवर्षं जो मसाला लावते तो बदलला, हे करताना माझ्या जिवावर आलं होतं. बादल्या भरायच्या तशाच भरत राहिल्या.

घरी वकीलबाईला डब्यांचं कळलं तेव्हा तिचा चेहरा पडला. "मला वाटलं, ते जेवण सुधारतील."

"सुधारायला त्यात वाईट काय होतं, ते तरी सांग."

तिने वेणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "तेच मी कोणाला विचारलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून बघते तर ही जेवणाच्या सुट्टीत हॉलमध्ये हजर. बादल्यांकडे पाठ आणि मैदानाकडच्या दाराकडे तोंड. कधी एखाद्या मुलाशेजारी बसायची, दोन शब्द विचारायची, उठायची. मी काउंटरमागून बघत होते आणि चडफडत होते. बादल्या इकडे, आणि हिचं लक्ष दारात. बैठकीत बोलायला तिने नाव दिलंय हे मला बातम्यांच्या सरांकडून कळलं. काय बोलणार ते तिला विचारलं, तर म्हणाली, "आजी, बातमी दाखवायच्या आधी कोणाला सांगायची नसते."

"अगं, माझी चूल जायची वेळ आली."

"म्हणूनच नाही सांगत."

असं कार्टं. मी हात टेकले.

बैठक मोठ्या शाळेच्या सभागृहात होती. समोर लांब टेबलामागे मंडळ, मध्ये अध्यक्ष, इकडे पालक. आम्ही बायका मागच्या रांगेत बसलो. जाऊने माझा हात धरला होता आणि तो इतका गार होता की मला तिचाच राग आला. आधी कंपनीच्या माणसाने डबे दाखवले. डबे दिसायला सुरेख होते, मी खोटं कशाला बोलू. मग वकीलबाईचं नाव पुकारलं. माईक तिच्या कपाळापर्यंत येत होता. तिने तो स्वतः वाकवून खाली घेतला.

"मी केलेली बातमी तुम्ही सगळ्यांनी बघितली," ती म्हणाली. "तिच्यात दोन गोष्टी मी सांगितल्या नाहीत. मुख्य स्वयंपाकी बाई माझी आजी आहे. हे मी आधीच सांगायला हवं होतं. आणि त्यात ताट रिकामं करणारे जे हात दिसतात, त्यांतले एक माझे आहेत."

घरी त्याच बटाट्यासाठी बापाशी भांडणारी ही, आणि हिने माझं अन्न बादलीत टाकलं?

"आजीच्या हातचं मला आवडतं. घरी मी दोनदा घेते," ती पुढे म्हणाली. "शाळेत टाकते, कारण आपल्याकडे नियम आहे, जेवल्याशिवाय मैदानावर जायचं नाही. जो आधी ताट ठेवेल तो आधी बाहेर. तिथे आधी येणाऱ्यांचे संघ पडतात, नंतर येणाऱ्याला कोणी घेत नाही. मी पुष्कळ मुलांशी बोलले. जेवण वाईट आहे असं म्हणणारी थोडी आहेत. बाकीची दाराकडे बघत जेवतात. त्या दिवशी मीही तेच केलं, आणि लाज वाटली म्हणून सांगितलं नाही."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. तो नियम मंडळाचाच होता. मुलांनी नीट जेवावं म्हणून खास केलेला, मागच्या वर्षीचा उपक्रम, आणि तो काढला होता खुद्द अध्यक्षांनी. मलासुद्धा तेव्हा फार पटला होता.

अध्यक्षांनी चष्मा काढला. आवाज गोडच ठेवला. "बाळ, तू त्यांची नात. आजीची नोकरी वाचवायला तू असं बोलणारच, नाही का?"

मी उठणार होते. चार शब्द असे ऐकवणार होते की त्यांना जन्मभर पुरले असते. जाऊने मला खाली खेचलं.

"हो, मी नात आहे," वकीलबाई म्हणाली. आता तिचा आवाज किंचित कापत होता, पण थांबली नाही. "म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नका. एक आठवडा करून बघा, आधी खेळ आणि मग जेवण. बादलीपाशी तुम्ही स्वतः उभे राहा. बादल्या तशाच भरल्या, तर तसं मीच बातमीत सांगेन."

मीच सांगेन म्हणाली. म्हणजे माझी चूल बंद करणारी बातमीही हीच देणार होती, आणि ती दिली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं. कारण ती माझ्याच घरात वाढली आहे. मला त्या क्षणी इतका अभिमान वाटला की भीतीला जागाच उरली नाही. मागून एक आई म्हणाली, "करून बघायला काय जातंय, साहेब?" आणि मग दहा जण तेच म्हणाले. अध्यक्षांनी चष्मा पुन्हा घातला आणि एक आठवडा दिला.

पहिला दिवस म्हणजे नुसता सावळागोंधळ. पोरं मैदानावरून थेट हॉलमध्ये घुसली, कोपरापर्यंत माती. नळापाशी ढकलाढकली, भात निवत चाललेला, आणि मी जो दिसेल त्याच्यावर खेकसत होते. अध्यक्ष चकचकीत बूट घालून बादलीशेजारी उभे होते. वकीलबाई आपल्या कॅमेरावाल्या मैत्रिणीसह समोरच्या कोपऱ्यात. बादलीवर जरा झाकण सरकवावं का, असं माझ्या मनात येऊन गेलं. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं आणि मी काउंटरमागे गेले.

मग पोरं बसली, आणि हॉल शांत झाला. इतक्या वर्षांत मी त्या हॉलमध्ये चमच्यांचा आवाज कधी ऐकला नव्हता. तापलेली, दमलेली, भुकेजलेली पोरं. जायची घाई कोणाला नव्हती, कारण जायचं होतं ते वर्गात. एक बारकी मुलगी काउंटरशी येऊन म्हणाली, "अजून बटाटा आहे का?" जाऊने तिला वाढला आणि लगबगीने भांडी घासायच्या खोलीत निघून गेली. ती तिथे कशाला गेली ते मी विचारलं नाही.

आठवडाभर अध्यक्ष आले. शेवटच्या दिवशी त्यांनी वाकून बादलीत बघितलं. तळाशी थोडा भात आणि गाजराच्या चांदण्या. चांदण्या पोरांनी निवडून निवडून टाकल्या होत्या. त्यांचं मी बघून घेईन. बाकी अन्न पोरांच्या पोटात गेलं होतं. "डबे नकोत," अध्यक्ष म्हणाले. "स्वयंपाकघर राहू दे." जाऊ तिथल्या तिथे मटकन स्टुलावर बसली.

अध्यक्षांनी लगेच बातम्यांच्या सरांना गाठलं. शुक्रवारी ही बातमी छान करा, मंडळाच्या नव्या उपक्रमाचं यश म्हणून. सर हो म्हणाले. वकीलबाईने मात्र कॅमेरा माझ्यासमोर लावला आणि मला अहो-जाहो करायला लागली.

"आजी, पहिली बातमी दाखवली तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

"राग आला. अजून थोडा आहे."

"ती बातमी चुकीची होती का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. अध्यक्ष हो म्हणा अशी मान हलवत होते, जाऊ मागून मला कोपर टोचत होती. हो म्हटलं असतं की माझ्या हातच्या जेवणावरचा डाग सगळ्या शाळांसमोर धुऊन निघाला असता, आणि म्हणायचा मोहही झाला. पण समोर ती उभी होती, डोळा न लववता, आणि खरं तेच ऐकायला.

"नाही," मी म्हणाले. "खरी होती. पण अर्धी होती. का टाकतात ते न विचारताच तू ती दाखवलीस, आणि त्यापायी आमची चूल जाणार होती. उरलेली अर्धी तूच शोधून आणलीस, हेही खरं."

तिचे डोळे भरून आले. तिने मान खाली घातली, कॅमेरा बंद झाला, आणि मला वाटलं, जरा जास्तच बोलले.

सर हळूच म्हणाले, "शेवटचं, तिच्या चुकीचं तेवढं काढून टाकू. ती पोर आहे, उगाच सगळ्या शाळांपुढे कशाला." मीही म्हटलं, काढा. माझ्यासाठी ते बोलून झालं होतं.

शुक्रवारी हॉलमध्ये आम्ही सगळ्या जणी हात पुसून पडद्याखाली उभ्या राहिलो. मुलं खेळून येऊन जेवत होती. पडद्यावर मी आले, राग आला म्हणाले, आणि पोरं हसली. मग मी म्हणाले, खरी होती, पण अर्धी होती, न विचारताच तू दाखवलीस, आणि त्यापायी आमची चूल जाणार होती. एकही शब्द तिने कापला नव्हता.