आखूड ती नवी

श्रीपाद सरांना आयुष्यात एकच गोष्ट जमली नव्हती, ती म्हणजे चुकणं. बारामतीच्या ज्युनिअर कॉलेजात त्यांनी एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. सकाळी एमआयडीसीत ज्या मोटारसायकली घुसतात, त्यांच्यावरचे निम्मे सुपरवायझर सरांच्या हाताखालून गेलेले. अजूनही चौकात सर दिसले की बिचारे आपोआप शर्टाचं वरचं बटण लावतात. घरात तर विचारूच नका. बायको, विमलताई, चिडल्या की नवऱ्याला 'सर' म्हणायच्या, आणि दिवसातून चार-पाच वेळा तरी चिडायच्या.

पण पोटची पोरगी त्यांना काही विचारत नव्हती, हे सरांचं खरं दुखणं. आसावरीनं इंजिनीअरिंग सोडून नेमबाजी धरली, तेव्हा सर म्हणाले होते, "जत्रेत फुगे फोडणार का?" त्याला आता चार वर्षं झाली. पोरीनं परवाना काढला, स्वतःचं पिस्तूल घेतलं, राज्याच्या संघाच्या दारात जाऊन उभी राहिली. पण बापाला 'आज किती गुण पडले' एवढंसुद्धा सांगेना. ती आईशी बोलायची आणि सर पेपरामागं कान टवकारून बसायचे. जीव तुटायचा हो त्यांचा. पण एकतीस वर्षं उत्तरं दिलेला माणूस स्वतःहून विचारणार कसा?

निवड चाचणी आठवड्यावर आली आणि योग जुळून आला. पिस्तुलात एक स्प्रिंग असते. गोळी सुटली की पिस्तुलाचा वरचा भाग मागं सरकतो, त्याला परत पुढं ढकलायचं काम तिचं. हजारो गोळ्या झाल्या की ती थकते. आसावरीनं परदेशातून नवी मागवली होती. हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून तिनं पिस्तूल खोललं, जुनी काढली, नवी पाकिटातून काढली, तेवढ्यात कोचचा फोन आला म्हणून गॅलरीत गेली. सरांना पसारा बघवत नाही. त्यांनी दोन्ही स्प्रिंगा फडक्यानं लख्ख पुसल्या, तेलाचं बोट फिरवलं आणि शेजारी शेजारी मांडून ठेवल्या.

आसावरी परत आली ती बघतच राहिली. दोन्ही सारख्याच चकचकीत. एक थोडी लांब, एक थोडी आखूड.

"बाबा, यातली नवी कुठली?"

चार वर्षांनी प्रश्न आला! सरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"आखूड ती नवी," ते म्हणाले.

"मला वाटलं लांब ती..."

"तुझ्या सलवारीचं इलॅस्टिक जुनं झालं की काय होतं? ताणून ताणून लांबतं ना? स्प्रिंगचं तेच. एकतीस वर्षं वजनं टांगून दाखवलीत मी पोरांना."

सर खोटं बोलत नव्हते. प्रयोगशाळेतली स्प्रिंग टांगलेली असते, ती लांबतेच. पिस्तुलातली टांगलेली नसते, दाबलेली असते, एवढं फक्त सरांच्या ध्यानात आलं नाही. आसावरीनं आखूड स्प्रिंग बसवली. लांब स्प्रिंग टाकून द्यायला निघाली, तर सर म्हणाले, "राहू दे, आठवण म्हणून." आणि त्यांनी ती किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवली.

चाचणीत आसावरी पहिली आली. राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली. घरी येऊन तिनं आधी बापाचे पाय धरले.

"बाबा, कमाल स्प्रिंग निघाली! नवी आहे असं वाटलंच नाही. अगदी जुनीसारखी हाताला बसली."

"चांगल्या मालाची तीच खूण," सर म्हणाले.

मग काय, प्रश्नांची रांगच लागली. बाबा, हवा दमट असेल तर काय होईल? बाबा, सामन्याआधी केळं खाऊ का? सर सकाळी दाढी करताना गुणगुणायला लागले. विमलताईंनी आठवडाभर त्यांना एकदाही 'सर' म्हटलं नाही.

भाजी द्यायला सणसरहून फुलाबाई यायच्या. स्वतःच्या मळ्यातली गवार, वांगी, मेथी. सरांनी त्यांनाही जुडगा दाखवला. "ही बघा, आमच्या आसावरीची झिजलेली स्प्रिंग."

फुलाबाईंनी ती दोन बोटांत दाबून पाहिली. "ही झिजलीया? सर, ही तर नवीकोरी हाय. आमच्या फवारणीच्या पंपाच्या मुठीत असती की. दाबून दाबून जुनी आखूड हुती. नवी लांब असती."

"फुलाबाई, हे भौतिकशास्त्र आहे. तुम्ही गवार तोला."

"व्हय सर," म्हणून फुलाबाईंनी मुकाट्यानं गवार तोलली.

त्या गेल्या आणि सरांना राहवेना. टेबलाच्या खणातून एक वापरून वापरून संपलेलं बॉलपेन काढलं, एक तसलंच कोरं. दोन्ही खोलली. जुन्याची स्प्रिंग आखूड होती. मोबाइलवर वाचलं, तर स्प्रिंग मेली की वरचा भाग मागं जाऊन आपटत राहतो, गोळ्या अडकतात, आणि एखाद्या दिवशी पिस्तूलच तडकतं. तो एखादा दिवस राष्ट्रीय स्पर्धेचा निघाला तर?

सांगितलं तर पोरीचे प्रश्न बंद होणार. नाही सांगितलं तर पोरगी सगळ्या देशासमोर अडकणार. दोन दिवस सर जुडगा हातात घेऊन आसावरीच्या खोलीच्या दारापर्यंत जायचे आणि परत फिरायचे. तिसऱ्या दिवशी, ती निघायच्या सकाळी, त्यांनी जन्मात न उच्चारलेलं वाक्य उच्चारलं.

"आसावरी, मी चुकलो. जुनीच स्प्रिंग बसवलीय. नवी ही माझ्याकडं आहे."

आसावरी खो खो हसत सुटली. "तुम्ही? आणि स्प्रिंगमध्ये चुकाल?"

"अगं, खरंच. दाबून बघ, किती कडक आहे."

तिनं दाबून पाहिली. "जुनं झालं की कडक होणारच, बाबा. रबर नाही का होत? आणि त्या स्प्रिंगवर मी पहिली आलेय. उद्या हरले तर तुमच्यावर ठपका नको म्हणून घाबरताय, दुसरं काय! कोचनं बजावलंय, आता पिस्तूल खोलायचं नाही."

तेवढ्यात दारात फुलाबाई आल्या. सर बुडत्यासारखे त्यांच्याकडं धावले. "फुलाबाई, सांगा हिला! परवा काय म्हणालात ते सांगा!"

फुलाबाईंनी सरांकडं पाहिलं, पोरीच्या फुललेल्या तोंडाकडं पाहिलं, आणि पदर सावरला.

"मी कुठं काय म्हणलं? आमाला भाजीपाल्यातलं कळतंय. सर सांगत्यात तेच खरं बाई. सर कधी चुकत्यात व्हय?"

"बघा!" आसावरी म्हणाली. तिनं पिस्तुलाच्या पेटीला कुलूप लावलं, बापाच्या पाया पडली आणि दारातून मागं वळली.

"बाबा, माझं काही राहिलं का हो? हल्ली तुम्हाला विचारल्याशिवाय मला सुचतच नाही."

"स्प्रिंग," सर म्हणाले.

ती हसली, आणि हसत हसतच जिना उतरून गेली.