चहानंतरची चूळ

सरपंचपदाला उभं राहायचं म्हणून आमच्या मच्छिंद्रआप्पांनी बॅनरवरच्या फोटोसाठी शिरूरला जाऊन दात साफ करून घेतले. डॉक्टर म्हणाले, "चहानं डाग पडतात. चहा सोडा, नाहीतर प्यायल्यावर लगेच चूळ भरा."

प्रचारात चहा सोडणं म्हणजे मतं सोडणं. आप्पा घरोघरी चहा प्यायले आणि प्रत्येक अंगणात, घरच्या बाईच्या डोळ्यांदेखत, खळखळून चूळ थुंकले. डॉक्टरांचं काय जातंय, त्यांना कुठं मतं मागायची होती?

आप्पा सपाटून पडले. सारजाबाई निवडून आल्या. मिसरीनं त्यांचे दात काळेकुट्ट, थुंकणं तर दिवसभर चालूच. सत्काराला त्या एवढंच बोलल्या, "म्या कुणाच्या घरचा चहा थुंकला न्हाई."