तिघांचं पाणी

"खरं सांगा, या झाडाला रोज पाणी कोण घालतं?" माळ्यानं आम्हा तिघांकडं बघत खुरपं मातीत खुपसलं, तसा कुजका वास आला.

माझं डोकंच फिरलं. "मी घालते! तुम्ही कधी ढुंकून तरी बघता का?"

लढाईवर गेलेल्या प्रत्येक मुलाच्या नावानं गावानं शाळेच्या भिंतीकडेला एकेक झाड लावलं. शेजारचं खाटकाच्या मुलाचं. तो परत आला, लंगडत का होईना. आता त्या झाडाला कुणी थेंब घालत नाही, तरी मेलं कसं माजलंय! आमच्या झाडाचं पान न् पान पिवळं. माझ्या मुलाचा हिवाळ्यापासून पत्ता नाही. कचेरीत गेलं की "कळवू" म्हणतात. काय कळवणार, या धास्तीनं पोस्टमन दिसला की मी दार लावून घेते.

मी इस्पितळात कपडे धुते. पहाटे कामावर जाताना इथं एक बादली ओतायची, मगच पुढं. झाड जगलं तर तो जगला, असं मनानं घेतलंय. खुळेपणा आहे, ठाऊक आहे मला.

"एका बादलीनं एवढा चिखल होत नाही, बाई."

सून खाली बघत पुटपुटली, "आई, संध्याकाळी मीही घालते. दुकानातून येताना."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

मी ह्यांच्याकडं वळले. "पाणी घालून कुणी परत येतं का?" म्हणून माझ्यावर खेकसणारे हेच! ते भिंतीकडं बघत होते. विजारीचे पाय चिखलानं भरलेले.

"दुपारी घालतो," ते म्हणाले. "तुम्ही दोघी नसताना."

हसावं की रडावं, कळेना.

"मुळं कुजलीत," माळी म्हणाला. "आता थेंबही घालू नका. पान फुटलं तर फुटलं."

"आणि नाही फुटलं तर?"

त्यानं खुरपं पुसलं आणि पुढच्या झाडाकडं गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे सवयीनं बादली भरून गेले. हे आधीच तिथं बसलेले, डबा भरून. मागोमाग सून आली, तीही बादली घेऊन. भरलेलं पाणी पुढ्यात ठेवून तिघं नुसते बसलो.

मग ह्यांनी डबा उचलला. "अहो, नको!" मी ओरडले.

त्यांनी तो खाटकाच्या मुलाच्या झाडाला ओतला. मीही उठले.

"घे बाबा, तू तरी पी," म्हटलं, आणि बादली तिथंच उपडी केली.