हात स्थिर राहावा म्हणून

रंगाऱ्याची थोरली मुलगी पहिलं पाऊल टाकायला लागली, त्या वर्षी त्याच्या धाकट्या भावाने मला बनवलं. मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे. दोन लांब दांडे आणि अकरा पायऱ्या, एवढाच माझा संसार.

रंगारी पाट्या लिहायचा आणि धाकटा सुतार खाली मला धरायचा. धाकट्याने "धरली!" म्हटल्याशिवाय रंगाऱ्याने कधी पाय उचलला नाही. "अगदी छापल्यासारखं अक्षर!" असं लोक मान वर करून म्हणायचे. माझ्याकडे कोण बघतो? पण मलाही बरं वाटायचं.

मग रंगारी दारू पिऊ लागला. आधी काम संपल्यावर, नंतर दुपारी, पुढे सकाळीच. सकाळी तो माझे दांडे धरायचा आणि त्याच्या हातांचा थरकाप माझ्या लाकडात उतरायचा. मला धडकी भरायची. ओरडायला तोंड नाही, म्हणून मी नुसती करकरायचे.

"दादा, अरे, हात बघ तुझा! चाळणी हलवतोयस की ब्रश?"

"एक घोट दे, मग बघ कसा स्थिर होतो."

धाकटा स्वतः बाटली पुढे करायचा. रंगाऱ्याची बायको चिडायची. "भावोजी, तुम्हीपण?"

"औषध समजा, वहिनी." त्याला तसंच वाटायचं. घोट पोटात गेला की अक्षर खरोखरच सरळ यायचं.

एका दवाखान्याची पाटी लिहिताना डॉक्टरीणबाईंनी तो थरकाप पाहिला. त्यांनी रंगाऱ्याला खाली बोलावलं. "दारू सोडायलाच हवी. पण घरी एकदम बंद करू नका, झटके येतात. इथे या, औषध देऊन सोडवू."

रंगाऱ्याने मान डोलावली. तेवढ्यात मुलीच्या शाळेचं काम आलं. "बाबा, फाटकावर नाव लिहायला याल ना, तेव्हा तोंडाला वास नको हं," ती म्हणाली. त्याने शब्द दिला आणि त्याच दिवशी बाटली ओतून टाकली.

"दवाखान्यात जाऊ का रे?" त्याने भावाला विचारलं.

"तू काय बेवडा आहेस? मनावर घेतलंस की सुटेल."

तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, ते मला शाळेच्या फाटकाशी घेऊन गेले. रंगारी घामाने निथळत होता.

"धरली!"

सहाव्या पायरीवर तो थांबला. "या मुंग्या झटक रे. पाटीभर झाल्यात."

पाटी कोरी होती. धाकटा हसला. "त्यांनाही तुझं अक्षर आवडतं, दादा!"

मी करकरले, पुन्हा करकरले. रंगाऱ्याचं अंग लाकडासारखं ताठ झालं, मग जोरजोरात झटके देऊ लागलं आणि माझ्यावरून त्याचे हात सुटले. धाकट्याची पकड सुटली नाही. घाबरून तो मलाच घट्ट धरून उभा राहिला.

मित्रांनो, तुमच्या घरात सकाळी कुणाचा हात थरथरत असेल, तर हसू नका, लपवू नका आणि घोटही देऊ नका. त्याला एकट्याने दारू सोडायला लावू नका. हाताला धरून दवाखान्यात न्या. लाज वाटली तरी न्या.

रंगारी त्याच मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमारास, फाटकासमोर वारला. तो चौतीस वर्षांचा होता.